थोरल्याची रिकामी जागा

मे १९४२. करेलियाच्या जंगलात जर्मन सैनिक उतरल्याचा सुगावा लागतो आणि फेदोत वास्कोव विमानविरोधी तोफखान्यातल्या पाच मुलींना घेऊन निघतो. निघण्याआधी तो त्यांचे बूट तपासतो. मोज्यांऐवजी पायाला गुंडाळायची फडकी त्यांनी मफलरसारखी कशीतरी वेढलेली असतात. तो ती सोडायला लावतो आणि पुन्हा बांधायला शिकवतो. फडक्याला एक चुणी राहिली तरी दोन-चार कोसांत फोड येतो. बोरिस वासिल्येव यांच्या ‘इथल्या पहाटा शांत असतात’ या १९६९च्या कादंबरिकेतला हा प्रसंग. वास्कोव अवघा बत्तीस वर्षांचा, पण मुलींच्या लेखी म्हातारा. त्याचा हुद्दा आहे ‘स्तार्शिना’.

या शब्दाच्या मुळाशी ‘थोरला’ आहे. सतराव्या शतकात युक्रेनच्या कोसॅकांमध्ये स्तार्शिना म्हणजे हेतमान या त्यांच्या प्रमुखाभोवतीचं थोरांचं मंडळ असे. लेखनिक, न्यायाधीश, तोफखान्याचा प्रमुख असे सगळे त्यात येत. पुढे त्यांनी जमिनी मिळवल्या आणि त्यांचे वंशज रशियन सरदारवर्गात मिसळले. झारच्या शेवटच्या काळात कोसॅक फौजेतला ‘वोइस्कोवोय स्तार्शिना’ लेफ्टनंट कर्नलच्या तोडीचा होता. डिसेंबर १९१७मध्ये बोल्शेविकांनी सगळे हुद्दे एका हुकमाने मोडीत काढले. अठरा वर्षांनी, १९३५मध्ये, ते त्यांनाच परत आणावे लागले. तेव्हा हा जुना शब्द अधिकाऱ्यांच्या खालच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसवला गेला. शिवकाळात गडाचा मुख्य असलेला आपला हवालदार आज तीन फितींचा धनी आहे, तसाच हा प्रवास.

हुद्दा खाली उतरला, तरी थोरलेपण उणावलं असं मला वाटत नाही. कंपनीची कोठी स्तार्शिनाच्या ताब्यात असे. शिधा, आंघोळीचा वार, धुतलेले कपडे, नव्या पोराच्या पायातला बूट, सगळं तोच पाही. हे काम वयाने आणि सोबतीने येतं. वटहुकमाने फक्त फीत मिळते.

सोव्हिएत सैन्याला नेमकं हेच भोवलं. १९६७च्या कायद्याने भूदलातली सक्तीची सेवा तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आणि भरती वर्षातून दोनदा होऊ लागली. एकाच बराकीत चार वेगवेगळ्या भरत्यांची पोरं राहू लागली. सार्जंटही त्यांच्यातलाच, काही महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर फिती लावलेला. ज्यांना हुकूम द्यायचा त्यांच्याच वयाचा. रात्री अधिकारी घरी गेले की बराकीत वडीलधारं कुणी उरत नसे. ती जागा शेवटच्या सहामाहीतल्या पोरांनी घेतली. त्यांना ‘देद’, म्हणजे आजोबा, म्हणत आणि त्यांच्या छळाला ‘देदोव्श्चिना’. या क्रौर्याची कारणं अनेक सांगितली जातात. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या तरुणांची भरती हे त्यातलं एक. तरी मला मूळ त्या नावातच दिसतं. खरा थोरला हरवला, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे आजोबा तयार झाले.

राज्यकर्त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. झारच्या काळात सर्वांत कनिष्ठ अधिकारी असलेल्या ‘प्रापोर्श्चिक’चं नाव १९७२मध्ये पुन्हा वापरात आणलं गेलं आणि मुदत संपल्यावरही राहणाऱ्या अनुभवी सैनिकांना दिलं गेलं. कंपनीचा स्तार्शिना म्हणून बहुधा तोच काम पाही. पण त्याच्याकडे कोठीची किल्ली गेली आणि पोरं मात्र सुटली. लोकांच्या विनोदात तो कोठीतला माल पळवणारा म्हणूनच उरला. २००९मध्ये रशियाचे संरक्षणमंत्री सेर्द्युकोव यांनी ही श्रेणीच बंद केली. २०१३मध्ये त्यांच्या जागी आलेल्या शोइगू यांनी ती परत आणली. पायाला गुंडाळायची फडकी जाऊन मोजे आले, तेही त्याच वर्षी.

युक्रेनने २०२०मध्ये ‘स्तार्शिना’ हा हुद्दा सोडला आणि नाटोच्या धर्तीवर सार्जंटांच्या नव्या पायऱ्या बांधल्या. हुद्दा गेला याचं मला दुःख नाही. त्या पायऱ्यांवरच्या मास्टर सार्जंटला पगार, राहायला घर आणि एकाच तुकडीत दहा वर्षं मिळतात का, एवढंच मला बघायचं आहे.