मजकुराला हात लावताना

संताजी जगनाडे चाकणचे. धंदा तेलाच्या घाण्याचा, पण तुकारामांच्या कीर्तनात टाळ धरणाऱ्यांपैकी ते एक होते आणि अभंग लिहून घेणाऱ्यांपैकीही एक. त्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिल्या. वि. ल. भावे यांनी 1919-20 च्या सुमारास त्यांच्या आधारे ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ दोन भागांत छापला. चाकण म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतात मोटारींचे कारखाने, कंटेनरची रांग आणि तळेगावच्या रस्त्यावरची कोंडी. मराठीतल्या सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या आणि सर्वांत आधी दडपायला घेतलेल्या मजकुरांपैकी एक, म्हणजे तुकारामांचा गाथा, याच पट्ट्यात लिहिला गेला, बुडवला गेला आणि जपलाही गेला.

बुडवण्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. शूद्राने वेदार्थ सांगू नये, असा निवाडा वाघोलीच्या रामेश्वर भटांनी दिला आणि तुकारामांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. तेरा दिवसांनी त्या वर आल्या, हा श्रद्धेचा भाग झाला. त्याआधीचा भाग मात्र सरळ सामाजिक इतिहास आहे. मजकूर चुकीचा आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. तो लिहिण्याचा हक्क कोणाचा, एवढाच वाद होता. पुढे हेच रामेश्वर भट तुकारामांचे भक्त झाले आणि तुकारामांची जी आरती आज घरोघर म्हटली जाते ती त्यांच्याच नावावर आहे.

या मजकुराला दुसऱ्यांदा हात लागला तो दोनशेहून अधिक वर्षांनी, आणि तो हात संपादकाचा होता. मुंबई सरकारने 24,000 रुपयांचं अनुदान दिलं. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 आणि 1873 अशा दोन खंडांत गाथा काढली. त्यांनी जमवलेल्या हस्तलिखितांत देहूची प्रत होती, तळेगावची होती, कडूसची होती आणि पंढरपूरचीही. म्हणजे चारांतल्या तीन प्रती इंद्रायणी-भामेच्या या टापूतल्या. चारही प्रतींत शब्द वेगळे, ओळी मागेपुढे, काही अभंग एकीत आहेत तर दुसरीत नाहीत. पंडितांना निवड करावीच लागली. त्यांनी एक पाठ वर घेतला आणि उरलेले पाठभेद पानाच्या तळाशी दिले. ज्याला त्यांची निवड पटत नसेल त्याने खाली बघावं आणि आपलं ठरवावं, अशी सोय त्या पानावरच आहे. मजकुराला हात लावण्याची याहून प्रामाणिक रीत मराठीत क्वचितच दिसते.

पंडितांनी काय बदललं ते वाचकाला दिसतं. नदीत गेलेल्या वहीत काय होतं ते दिसत नाही. संपादन आणि काटछाट यांच्यातला फरक शोधायला फार लांब जायला नको, तो इथेच आहे. त्याचा विसर पडला की काय होतं, ते 2008-09 साली याच तुकारामांच्या निमित्ताने दिसलं.

आनंद यादव हे साधं नाव नव्हतं. कागलच्या शेतमजुरीतून शिकून वर आलेला माणूस, ‘झोंबी’ला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार, पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. त्यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही कादंबरी मेहता पब्लिशिंग हाऊसने 2008 मध्ये काढली. तुकारामांच्या तरुणपणाचं त्यातलं चित्रण वारकऱ्यांना आणि तुकारामांच्या देहूतल्या वंशजांना बदनामीचं वाटलं. त्याच काळात यादव महाबळेश्वरच्या 82 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि वाद पेटला. संमेलन होऊ देणार नाही, असे इशारे आले. यादवांनी जाहीर माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी ते पुरलं नाही. अखेर त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि मार्च 2009 चं संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. प्रकरण तिथेही थांबलं नाही. 2014 मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने मजकूर मानहानिकारक ठरवून प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये यादव गेले.

या प्रकरणात दोन बाजू घेऊन लोक आजही भांडतात. लेखकाला कल्पनेचं स्वातंत्र्य आहे की नाही, आणि श्रद्धेला धक्का लावायचा का. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण त्यांच्या आधी येणारा प्रश्न कुणी विचारलाच नाही. छापखान्यात जाण्यापूर्वी त्या हस्तलिखितावर काय संस्कार व्हायला हवे होते?

तुकारामांच्या आयुष्याबद्दल कागदावर काय आहे, याचा विचार केला तर ते फार थोडं आहे. त्यांचे स्वतःचे आत्मपर अभंग आहेत. संत बहिणाबाईंसारख्या समकालीनांचे उल्लेख आहेत. महिपतीने लिहिलेलं चरित्र शंभरेक वर्षांनंतरचं आहे आणि ते भक्ताच्या नजरेचं आहे. बाकी सगळं लेखकाने भरायचं. कादंबरीकाराने ते भरलं यात काही गैर नाही. कादंबरी म्हणजे तेच. पण ज्याच्या फोटोपुढे रोज हात जोडले जातात अशा माणसाच्या तरुणपणाविषयी काही लिहिताना समासात एक प्रश्न यायला हवा: हे कशावरून? अभंगावरून असेल तर कुठल्या? महिपतीवरून असेल तर कुठल्या अध्यायातून? आणि कल्पनेतून असेल तर ती कल्पना आहे, हे वाचकाला कळण्याची सोय पुस्तकात कुठे आहे? प्रस्तावनेत दोन पानं या हिशेबाला दिली असती तर विरोध थांबला असता असं नाही. पण लेखकाच्या हातात उत्तर राहिलं असतं, आणि माफी हा एकच शब्द उरला नसता.

समासात असे प्रश्न विचारणारे संपादक मराठीत होऊन गेले आहेत. ‘मौज’चे श्री. पु. भागवत, ‘सत्यकथा’चे राम पटवर्धन. लेखकाला लांबलचक पत्रं लिहून, एकेका परिच्छेदावर हुज्जत घालून, पुन्हा लिहायला लावून त्यांनी कथा आणि कादंबऱ्या छापल्या. आज कित्येक प्रकाशनगृहांत हस्तलिखित थेट अक्षरजुळणीला जातं, ऱ्हस्वदीर्घ तपासून परत येतं आणि बांधणीला रवाना होतं. चाकणच्या कुठल्याही कारखान्यात एक गाडीसुद्धा लाइनवरून अशी तपासल्याशिवाय उतरत नाही. वाद झाला की मग पुस्तकं दुकानांतून परत मागवायची, एवढाच उपाय उरतो.

कायदाही माफीकडेच ढकलतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका खासगी वितरणाच्या नियतकालिकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला भरला गेला. तो लढत लढत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला एकवीस वर्षं लागली. मे 2015 च्या निकालात प्रकाशक आणि मुद्रक सुटले; प्रकाशक सुटला, कारण त्याने विनाअट माफी आधीच छापली होती. कवीवरचा खटला मात्र चालू ठेवण्यात आला. छापणाऱ्याने यातून काय शिकायचं? मजकुराच्या बाजूने उभं राहायचं नाही आणि पहिल्या आरोळीला हात वर करायचे, हेच. लेखकाला एकटं पाडणारी ही व्यवस्था संपादनाच्या मुळावरच येते, कारण जो शेवटपर्यंत सोबत राहणार नाही त्याच्या सूचना लेखकाने आधी ऐकाव्यात तरी का?

भीतीने केलेली काटछाट मजकूर वाचूनही होत नाही. 2019 मध्ये यवतमाळच्या संमेलनाचं उद्घाटन करायला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्यांचं भाषण लिहून आलेलं होतं. दबाव आला आणि निमंत्रणच मागे घेतलं गेलं. ते भाषण मग वर्तमानपत्रांतून आणि फोनवरून संमेलनाआधीच असंख्य लोकांच्या हातात पडलं. त्याच्या तीन वर्षं आधी, जानेवारी 2016 मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर 89 वं संमेलन झालं. अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांचं एक वक्तव्य आधीच गाजलेलं होतं आणि त्यांचं दीर्घ अध्यक्षीय भाषण छापण्यावरून संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाशी त्यांचा जाहीर वाद झाला. भाषण लांब असेल तर ते कापायला सांगता येतं, कुठलं वाक्य का नको हेही लिहून कळवता येतं. छापायचं की नाही यावरच ताणाताणी झाली की मुद्दा मजकुराचा राहत नाही.

तमिळनाडूत कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्यावरही असाच प्रसंग आला. जातीय संघटनांच्या दबावाखाली जानेवारी 2015 मध्ये त्यांनी आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. जुलै 2016 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. यादवांच्या वाट्याला असं काही आलं नाही.

मराठी प्रकाशकांना आणि महामंडळाला हे बदलायचं असेल तर कामं अगदी हातातली आहेत. ऐतिहासिक किंवा धार्मिक व्यक्तीवरचं पुस्तक असेल तर त्या विषयाच्या जाणकाराने ते छापण्याआधी वाचावं, त्याच्या हरकती लेखी घ्याव्यात आणि लेखकाने त्यांना लेखी उत्तर द्यावं. कुठला मजकूर गाळला, कुणाच्या सांगण्यावरून आणि का, याची नोंद प्रकाशकाच्या फायलीत राहावी आणि मूळ हस्तलिखित जपून ठेवावं. जाणकाराचा सल्ला बंधनकारक नसावा, नाहीतर तो नवा रामेश्वर भट होईल. करारात एक कलम असावं की खटला झाला तर प्रकाशक लेखकासोबत उभा राहील आणि वकिलाचा खर्च उचलेल. महामंडळ दरवर्षी संमेलनावर जो खर्च करतं त्यातला थोडा भाग अशा खटल्यांसाठी राखून ठेवणं अवघड नाही. आणि महाबळेश्वरला जी खुर्ची रिकामी राहिली तिच्याबद्दल महामंडळाने स्वतः एक निवेदन काढावं, यादव हयात नसले तरी.