कमांडर लॉरेन्सचे मन

दुष्टाविषयी तर्क करावा लागत नाही. सज्जनाविषयी करावासा वाटत नाही. तर्क चालतो तो मधल्या माणसाविषयी. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या १९८५ सालच्या कादंबरीवरून झालेली ‘द हँडमेड्स टेल’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१७ ते २०२५ या काळात सहा पर्वांत दाखविली गेली. तिच्यातील जोसेफ लॉरेन्स हा असा मधला माणूस. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी काहींनी तरी ती पाहिली असेलच.

न पाहिलेल्यांसाठी थोडे सांगतो. अपत्यजन्म दुर्मिळ झाला असता अमेरिकेत धर्माच्या नावाने एका गटाने सत्ता बळकावली आणि गिलियाड नावाचे राज्य स्थापिले. प्रसवक्षम स्त्रिया कमांडरांच्या घरी दासी म्हणून वाटून दिल्या. नकोशा झालेल्यांची रवानगी वसाहतींत. तेथे विषारी माती उपसता उपसता त्या मरतात. या राज्याची अर्थव्यवस्था ज्याने आखली, वसाहतीही ज्याच्याच डोक्यातून निघाल्या, तो हा लॉरेन्स.

हाच मनुष्य दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस एमिली नावाच्या दासीला आपल्या मोटारीतून पलायनाच्या वाटेवर पोचवितो. तिसऱ्या पर्वात ८६ मुले विमानाने कॅनडात पोचतात, त्यातही त्याचा हात आहे. मग प्रेक्षक विचारतात, मनातून तो आपलाच का?

त्याच तिसऱ्या पर्वातील एक प्रसंग आम्हांस विसरता येत नाही. कैदेतील स्त्रियांपैकी पाच जणी निवड, असे तो नायिका जूनला सांगतो. निवडलेल्या मोलकरणी होतील, उरलेल्या वसाहतीत जातील. यादी करण्याचे काम ज्यांनी कधी केले आहे, त्यांना या प्रसंगाची धग अधिक लागेल. पाच जीव वाचतात हे खरे. पण वाचविणाऱ्याने मरणाची व्यवस्था आधीच मान्य केलेली असते, आणि आता पीडितेलाही तिची कारकून केले जाते. ज्या मोटारीने एमिली निसटली ती मोटारही कमांडरची होती. अधिकार नसता तर उपकार करता आला नसता, आणि अधिकार मिळाला तो अपकाराच्या मोबदल्यात. हा जमाखर्च त्याने स्वतः जुळवून चालणार नाही. देणे ज्यांचे आहे त्या बायका वसाहतीत आहेत.

यावर उत्तर ठरलेले आहे : चांगल्यांनी खुर्ची सोडली तर वाईट माणसे तेथे बसतील. आम्ही हे उत्तर हसण्यावारी नेत नाही. ८६ मुले ही काही थोडी नव्हेत. परंतु वारशाने आलेल्या घरात राहून एखादी खिडकी उघडणारा वेगळा आणि घर बांधणारा वेगळा. लॉरेन्सची पत्नी एलेनॉर मनोविकाराने ग्रस्त असते. तिला लागणारी औषधे पतीने आखलेल्या राज्यात सहजी मिळत नाहीत. आपल्या योजनेची झळ त्याला स्वतःच्या घरात लागते, तेव्हा कोठे त्याचे मन हलू लागते.

विदुराच्या मनात काय होते, असे आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कौरवांच्या सभेत बसूनही तो तोंडाने बोलला. भीष्माच्या मनाविषयी मात्र अजून वाद चालतात.

अ‍ॅटवुडबाईंना प्रेक्षकांची ही खोड आधीच ठाऊक असावी. कादंबरीत निक हा मोटारचालक गुप्त पोलिसांपैकी आहे की बंडखोरांपैकी, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. पुढे २१९५ सालच्या एका परिषदेत विद्वान मंडळी निकच्या हेतूंविषयी आणि कमांडर नेमका कोण होता याविषयी मोठ्या चवीने तर्क लढवितात. त्या स्त्रीचे काय झाले, हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

मालिकेने शेवटच्या पर्वात निकचा संशय फेडला. बंडाचा बेत तो सासऱ्याला सांगून टाकतो, आणि त्यापायी कित्येक स्त्रिया मारल्या जातात. लॉरेन्सला तसा निकाल मिळाला नाही. विमानात बाँब ठेवून निसटायचे असे ठरले होते. ते साधत नाही, आणि कमांडरांबरोबर तोही चढतो. निकही त्याच विमानात असतो. ते प्रायश्चित्त होते की केवळ परतीची वाट बंद झाली होती, यावर तर्क चालूच राहील. त्या यादीतून गळालेल्या बायकांची नावे मात्र आम्हांस आठवत नाहीत.