चेहरा कोणाचा?

गेल्या नाताळात आमच्या बऱ्हाणपूरच्या मंडळीत रविवार शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे होते. ओळीत उभी केली की मुले ताठ होत. म्हणून मी मोबाईलवर कोणाच्या नकळत फोटो घेऊ लागलो. त्यात मागच्या बाकावरील एका विधवा भगिनीचा चेहरा आला. गीत ऐकताना तिचे डोळे भरून आले होते. फोटो उत्तम साधला होता. मी तो सर्वांना पाठविला आणि पुष्कळांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी ती भगिनी म्हणाली, "भाऊ, ते रडणं मी कोणाला दाखवायला बसले नव्हते."

स्वाभाविक भाव टिपण्यासाठी माणसाला बेसावध गाठणे योग्य आहे काय?

चांगल्या हेतूनेही हा प्रश्न मिटत नाही. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग यांनी मजुरांच्या छावणीतील एका चिंताक्रांत मातेचा फोटो घेतला. तो छापून आल्यावर छावणीला अन्न पोहोचले. पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. त्या मातेचे नाव, फ्लॉरेन्स थॉम्पसन, जगाला १९७८ साली कळले. तो फोटो काढला नसता तर बरे झाले असते, असे तिने तेव्हा सांगितले. जगाने तिचा चेहरा पाहिला होता, तिला मात्र कोणी विचारले नव्हते.

आपण समजतो की बेसावध चेहरा तोच खरा. परंतु आईसमोर मूल मोकळे होते तेव्हा ते बेसावध नसते, ते निर्धास्त असते. हाही स्वाभाविक भावच होय. तो चोरून मिळत नाही, विश्वासाने दिला जातो. इंदूरला नोकरीत असताना १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतलेल्या राजा दीनदयाळ यांनी हे ओळखले असावे. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका स्त्रीच्या हाती सोपविला. तिच्यासमोर त्या संकोच सोडून बसू शकत होत्या.

प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले, तेव्हा पेत्र बाहेर जाऊन रडला. ते रडणे पाहावयास प्रभू त्याच्यामागे गेला नाही.

मी तो फोटो पुसून टाकला आणि ज्यांना पाठविला होता त्यांनाही तसे करण्याची विनंती केली. पुढे एके दिवशी त्या भगिनीच्या घरी गेलो. चहा झाला, मुलाबाळांच्या गोष्टी झाल्या. मग विचारले, "ताई, एक फोटो काढू का?" तिने पदर सारखा केला. "काढा," ती म्हणाली, "पण आधी मला दाखवा."

रविवार शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींनो, यंदा मुलांचे फोटो काढताना प्रथम त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांना आणि त्यांच्या आईबापांना विचारा. एखादे मूल नको म्हणाले, तर कॅमेरा खाली ठेवा.