एका घरातले दोन पगार

पिंपरीतल्या एका आईला दोन मुलगे होते. त्यांचे वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामाला. सामान्य माणसाला परवडेल असं पेनिसिलिन देशातच बनावं म्हणून १९५४ साली सरकारने उभारलेला तो कारखाना. थोरला वडिलांच्या मागोमाग तिथेच लागला. पक्की नोकरी, फंड, कॉलनीतलं घर. पोराने नाव काढलं, असं सगळे म्हणाले. धाकटा बराच लहान. तो कॉम्प्युटर शिकला आणि हिंजवडीला आयटी कंपनीत लागला.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. चीनचं पेनिसिलिन इतकं स्वस्त येऊ लागलं की इथे बनवणं परवडेना. थोरल्याचा पगार पुढे महिनोन्‌महिने थकू लागला. त्याच खुल्या बाजाराने धाकट्याला अमेरिकेतलं काम आणून दिलं. धाकट्याने बावधनला फ्लॅट घेतला. थोरल्याने मुलीच्या फीसाठी पतपेढीचं कर्ज काढलं.

गणपतीत सगळे जमले. धाकटा म्हणाला, "दादाने काळाबरोबर बदलायला हवं होतं."

आई म्हणाली, "तुझी फी कुणी भरली? रात्रपाळी करून यानेच ना? तू हुशार आहेस, कष्टही केलेस. पण डॉलर तू महाग केला नाहीस, आणि चीनचा भाव याने पाडला नाही. कष्टाचं श्रेय घे, नशिबाचं घेऊ नकोस."

धाकट्याने खिशातून पाकीट काढलं. थोरल्याने त्याचा हात धरला. "पैसे नकोत. थकलेला पगार आमच्या हक्काचा आहे, तो आम्ही मागतोच आहोत. फक्त तुझ्या मुलांसमोर मला आळशी ठरवू नकोस."

धाकट्याच्या मनाला ते लागलं, पण तेव्हा तो काही बोलला नाही.

२०२० साली औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर किती अवलंबून आहोत, हे कळून देश हादरला. पेनिसिलिन पुन्हा इथेच बनावं म्हणून सरकारने प्रोत्साहन योजना आणली. पुढे धाकटा मुलांना घेऊन पिंपरीला गेला. "दादा, पेनिसिलिन कसं बनतं, ते यांना सांग."

थोरल्याने बुरशीपासून सुरुवात केली. मोठमोठ्या टाक्या, त्यात सोडायची निर्जंतुक हवा, सांभाळायचं तापमान. बुरशी जिवंत असते, म्हणून दिवाळीतही पाळी चुकवता येत नसे. मुलं तासभर हलली नाहीत.

"मग ते बंद का पडलं?" मुलाने विचारलं.

उत्तर धाकट्याने दिलं. "ज्या कारणाने मला नोकरी लागली, त्याच कारणाने."