लहानाचे उत्तरदायित्व

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मुलांना बचतीचे महत्त्व पटविण्यासाठी सांगतो. विषाचे तळेही थेंबाथेंबानेच साचते, हे मात्र सहसा ध्यानात घेत नाही.

शासकीय सेवेत असताना लघुउद्योजकांच्या तोंडून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येई. “साहेब, आमचा गाळ महिन्याला दोन पिंपे. मोठ्यांना सोडून आमच्यामागे का लागता?” हा प्रश्न कांगावा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. ज्याचा वाटा अल्प त्याचे उत्तरदायित्वही अल्प, असे न्यायबुद्धी सांगतेच. वडोदरा परिसरातील कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या एकाच नाल्यातून खंभातच्या आखाताकडे जाते. अशा सामाईक प्रवाहात कोणाचा थेंब कोणता, हे कोण सांगणार?

परंतु हानीचा हिशेब उलाढालीवरून होत नाही. उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या अखेरीस मोजक्या कारखान्यांनी रंगद्रव्यांसाठी लागणारे एच-ॲसिड बनविले. सुमारे ३७५ टन मालामागे सुमारे २,४४० टन विषारी गाळ निघाला. माल परदेशी गेला, गाळ गावात राहिला आणि विहिरींचे पाणी नासले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी असा निर्णय दिला. तथापि न्यायनिवाड्याने विहीर पूर्ववत होत नाही.

म्हणून खरा विचार गाळ निर्माणच न होण्याचा करावयास हवा. क्रोम प्लेटिंगच्या छोट्या कारखान्यात मुलामा दिलेला भाग टाकीवर काही क्षण अधिक निथळू दिला, तर क्रोमियम टाकीतच परत पडते. धुण्याच्या दोन-तीन हौदांत पाणी भागांच्या उलट दिशेने खेळविले, तर थोड्या पाण्यात काम भागते. याला भांडवलापेक्षा शिस्त अधिक लागते. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांतही प्रथम प्रतिबंध, मग घट, पुनर्वापर आणि सर्वांत शेवटी सुरक्षित विल्हेवाट असा क्रम आहे. माझ्या मते हा क्रम नैतिकही आहे. पुरलेला गाळ राखण्याचे काम आपण अद्याप न जन्मलेल्यांवर सोपवीत असतो आणि त्यांची संमती कोणी घेतलेली नसते.

येथे एक अवघड बाब उरते. जो कारखानदार प्रक्रियेवर खर्च करतो, त्याचा दर वाढतो. रात्री नाल्यात पाणी सोडणारा शेजारी तीच ऑर्डर स्वस्तात पटकावतो. काम बाहेर देऊन केवळ दर विचारणारी मोठी कंपनी आणि चकचकीत नळ स्वस्तात घेणारे आपण, या पापाचे वाटेकरी नाही काय? आहोत. सामाईक प्रक्रिया केंद्रे, तांत्रिक साह्य आणि रास्त दर हे लहान उद्योजकाचे आपल्याकडे असलेले येणे आहे.

मात्र वाटेकरी वाढले म्हणून त्याचा स्वतःचा वाटा शून्य होत नाही. रात्री झडप फिरविणारा हात एकाच माणसाचा असतो. लहानपणामुळे मदत मागण्याचा अधिकार मिळतो. दुसऱ्याच्या विहिरीवर अधिकार मिळत नाही.