वारा किती होता?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा नावाचं गाव आहे. कॅनडाची राजधानी ती वेगळी. हे गाव लहान, फॉक्स आणि इलिनॉय या नद्यांच्या संगमावरचं, भोवती मका आणि सोयाबीनची शेतं. शिकागोहून मोटारीने दीड तासाच्या आसपास. २१ ऑगस्ट १८५८ रोजी इथल्या चौकात अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या सात वादसभांपैकी पहिली झाली. डग्लस तासभर बोलले, मग लिंकन दीड तास, मग उत्तरादाखल पुन्हा डग्लस अर्धा तास, आणि हजारो माणसं ते सगळं ऐकत थांबली. चौकात आज दोघांचे पुतळे आहेत. याच ओटावाजवळ जुलै २०१५ मध्ये १६४ जणांनी विमानांतून उड्या टाकून, डोकं खाली नि पाय वर अशा अवस्थेत हात धरून, तेव्हाचा जागतिक विक्रम केला. तेव्हा वाद घालणं आणि आकाशातून पडणं, दोन्ही या मातीला नवीन नाही.

गोष्ट याच मुलुखातल्या एका धावपट्टीवरची, ऑक्टोबर २०२५ मधली. तिथे दर शनिवारी एक शेतकरी यायचा आणि शिकागोहून एक मास्तरीणबाई यायच्या. शेतकरी रिपब्लिकन, बाई डेमोक्रॅट. आजवर त्याने काही अडत नव्हतं. साडेतेरा हजार फुटांवर विमानाचं दार उघडतं (आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी घेतली ती जवळपास अशाच उंचीवरून), तिथून पॅराशूट उघडेपर्यंत मिनिटभर वेळ मिळतो आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या जवळपास वेगाने पडताना कुणाला कर आणि पेन्शन आठवत नाही. चढण्याआधी तो बाईंच्या पाठीवरच्या पिशवीची पिन तपासायचा, बाई त्याची तपासायच्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून ही पद्धत.

त्या शनिवारी ढग खाली उतरले होते. आदल्या रात्रीच्या पावसाने रान ओलं, मक्यात यंत्र घालता येईना, म्हणून शेतकरी भर सुगीत मोकळा. उड्या बंद. वीसेक माणसं हँगरमध्ये बसून कॉफी पीत होती, आणि भिंतीवरचा टीव्ही चालू होता. रिकामी माणसं आणि चालू टीव्ही एका छपराखाली आले की पुढचं सांगायला नको.

शिकागोच्या बातम्या लागल्या. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी राज्यपालांचा विरोध असताना नॅशनल गार्डचे जवान शिकागोकडे धाडले होते. बाई म्हणाल्या, ही हुकूमशाही. शेतकरी म्हणाला, राज्य कायदा पाळत नसेल तर केंद्राने काय हात बांधून बसायचं? तिथून गाडी माफीवर घसरली. बाईंनी २० जानेवारीची माफी काढली: संसदेवरच्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार लोकांना ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं. शेतकऱ्याने डिसेंबर २०२४ काढला: मुलाला माफ करणार नाही असं सांगून बायडेन यांनी मुलालाच माफ केलं. एकाने एक काढलं की दुसऱ्याच्या पोतडीत दुसरं तयारच. आवाज चढले. शेवटी शेतकरी म्हणाला, "तुझ्याबरोबर मी आज विमानात बसणार नाही." बाईंनी उठून फळ्यावरच्या यादीतून स्वतःचं नाव पुसलं.

कोपऱ्यात शिलाई यंत्रावर म्हातारा रिगर बसला होता. रिगर म्हणजे राखीव पॅराशूटची घडी घालणारा परवानाधारक. तिकडच्या नियमाप्रमाणे दर १८० दिवसांनी हे राखीव पॅराशूट उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून त्यावर शिशाचं सील लावावं लागतं, मग ते वापरलेलं असो वा नसो. मुख्य पॅराशूट दगा देतं तेव्हा माणूस ते कापून टाकतो आणि उरलेलं आयुष्य या घडीवर सोपवतो. असा कुणी वाचून खाली आला की घडी घालणाऱ्याला दारूची बाटली देण्याची रीत आहे. म्हाताऱ्याच्या फडताळात दोन्ही पक्षांच्या बाटल्या होत्या. तो स्वतः मत कुणाला देतो हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि माझ्या मते त्याचं निम्मं वजन त्यातच होतं.

म्हाताऱ्याने टीव्ही बंद केला. पॅराशूट असोसिएशनच्या मासिकाचा एक जुना अंक काढला आणि काही न बोलता अपघाताचा अहवाल वाचायला लागला. या अहवालांत नाव नसतं. वय, उड्या किती, अनुभव किती वर्षांचा, काय घडलं, आणि शेवटी निष्कर्ष. हा अहवाल चौतिशीतल्या एका माणसाचा होता. सहाशे उड्या. पॅराशूट नीट उघडलेलं. उतरताना शेवटच्या क्षणी त्याने जमिनीलगत एकदम गिरकी घेतली आणि तो आदळला.

"वारा किती होता?" बाईंनी लगेच विचारलं.

"मध्यम. पण दिशा बदलली होती."

"म्हणजे वारा पाठीवर आलाय हे त्याला उशिरा कळलं," शेतकरी म्हणाला. "तोंड फिरवायला गेला. किती उंचीवर?"

"शंभर फुटांच्या आत."

"मग फिरायचंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "पाठीवर वारा घेऊन सरळ उतरायचं. गुडघे फुटले असते, घोटा मोडला असता, जिवंत राहिला असता."

"आणि आधी उतरलेल्यांनी कुठली दिशा धरली तेही बघितलं नाही त्याने," शेतकऱ्याने पुस्ती जोडली. दोघांच्या खुर्च्या एव्हाना जवळ सरकल्या होत्या. ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, म्हाताऱ्याच्या आलं होतं.

"बरं," तो म्हणाला, "माझ्याकडे आणखी काही अहवाल आहेत. मीच लिहिलेत. तसलेच, बिननावाचे. हवे ते प्रश्न विचारा, फक्त कोण आणि कुठल्या पक्षाचा हे निकाल देईपर्यंत विचारायचं नाही. जो विचारेल त्याची बिअर." पॅराशूटच्या खेळात बिअरचा दंड जुनाच आहे. पहिल्यांदा काही जमलं किंवा पहिल्यांदा काही फसलं की त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. त्यामुळे सगळे सरसावून बसले.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला. "पद: राष्ट्राध्यक्ष. अनुभव: पाचवं वर्ष. घटना: राज्यपालाचा विरोध असताना एका शहरात सुमारे हजार सैनिक पाठवले. राज्याचे नॅशनल गार्डही राज्यपालाच्या हातून काढून घेतले. निकाल द्या."

"चूक," बाई तत्क्षणी म्हणाल्या. "सरळसरळ चूक."

"बरोबर," शेतकरी तितक्याच वेगाने म्हणाला.

"प्रश्न नाहीत?"

"नाहीत."

"सप्टेंबर १९५७," म्हातारा म्हणाला. "आर्कान्सामधलं लिटल रॉक. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर. नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जायचं होतं, राज्यपालाने त्यांना अडवायला गार्ड उभे केले होते. आणि सैनिक होते १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे. म्हणजे आपलेच भाऊबंद, पॅराशूटवाले."

बाईंचा चेहरा उतरला. दर फेब्रुवारीत त्या वर्गात हीच गोष्ट शिकवत. "हे बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "त्यामागे कोर्टाचा आदेश होता. तुम्ही तो लपवलात."

"लपवला कुठे? तू विचारला नाहीस. त्या पडलेल्या माणसाचा अहवाल वाचल्यावर तुझा पहिला प्रश्न होता, वारा किती होता. इथे का नाही विचारलास?"

शेतकरी मिशीत हसला. म्हातारा त्याच्याकडे वळला. "तू हसू नकोस. तूही विचारलं नव्हतंस. आंधळ्याने मारलेला खडा लागला एवढंच."

इथे गोष्ट थांबवून एक सांगायला हवं. ओटावाच्या त्या वादसभेचं आज फार कौतुक होतं: पूर्वीचे लोक बघा कसे शांतपणे ऐकायचे. तसं काही नव्हतं. आरडाओरडा होता, वांशिक चिथावणी होती, आणि गुलामगिरीला विरोध करणारे लिंकनही त्याच व्यासपीठावरून सांगत होते की दोन्ही वंशांची सामाजिक, राजकीय बरोबरी करायचा आपला हेतू नाही. दुसऱ्या दिवसापासून शिकागोतल्या डेमोक्रॅट वर्तमानपत्रात डग्लस यांचं भाषण झोकदार छापून आलं आणि लिंकन यांचं अडखळतं, रिपब्लिकन पत्रात नेमकं उलट. कोण बोललं हे पाहून काय बोलला ते ठरवण्याची खोड अशी जुनी आहे. तरी पुढचं लक्षात ठेवण्यासारखं. एप्रिल १८६१ मध्ये यादवी पेटली तेव्हा याच डग्लस यांनी, आदल्याच निवडणुकीत ज्यांनी आपल्याला हरवलं त्या लिंकन यांना भेटून पाठिंबा दिला, आणि जूनमध्ये ते वारले. ओटावाच्या पुतळ्यांत मात्र ते भांडतानाचेच राहिले.

"दुसरा," म्हातारा म्हणाला. "पद: राष्ट्राध्यक्ष. अनुभव: शपथ घेऊन एक दिवस. घटना: केंद्राचा कायदा मोडणाऱ्या हजारो लोकांना एका सहीने माफी. एकेकाची सुनावणी नाही."

शेतकऱ्याला वाटलं, हे आपल्या ओळखीचं. "बरोबर. राज्यघटनेने अधिकार दिलाय, आणि देशाने कधीतरी पुढे जायला हवं."

बाई आता सावध होत्या. "या लोकांनी कुणाला मारहाण केली होती?"

"हिंसा करणाऱ्यांना माफीतून वगळलं होतं."

"निवडणुकीआधी मतदारांना सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग नाइलाजाने म्हणाल्या, "मग मला चूक म्हणता येत नाही."

"दोघांचा निकाल एकच, बरोबर," म्हाताऱ्याने कागदावर खूण केली. "२१ जानेवारी १९७७. जिमी कार्टर. व्हिएतनामच्या युद्धात सैन्यभरती चुकवणाऱ्यांना माफी."

शेतकरी उभाच राहिला. त्याचे वडील व्हिएतनामला जाऊन आले होते. घरात कार्टर यांचं नाव निघालं की ताट सरकवलं जायचं. "मी निकाल बदलतो," तो म्हणाला.

"खुशाल बदल. पण नाव सोडून नवं काय कळलं ते सांग."

शेतकरी उत्तर शोधत राहिला. "त्यांनी मोडलेला कायदा कुठला ते कळलं," तो शेवटी म्हणाला. "माझा बाप चिखलात होता तेव्हा ते कॅनडात होते. माफीला हिंसा हीच एक कसोटी नाही. जे कायदा पाळून गेले त्यांना काय वाटेल, हीसुद्धा कसोटी आहे."

"हे कारण झालं," म्हातारा म्हणाला. "बदल तुझा निकाल. आता हीच कसोटी घेऊन जानेवारीतल्या माफीकडे जा. संसदेच्या दारात मार खाणारे पोलीसही कायदा पाळणारेच होते." मग बाईंकडे वळून, "आणि तू तुझे दोन प्रश्न घेऊन डिसेंबरच्या माफीकडे जा. मतदारांना काय सांगितलं होतं, हा प्रश्न तुझाच ना?"

दोघांनीही त्याला उत्तर दिलं नाही. बाईंनी कॉफी ओतून घेतली. शेतकऱ्याने आपला कप पुढे केला आणि त्यांनी तोही भरला. ढग काही हलले नाहीत, त्या दिवशी उडी झालीच नाही.

पुढच्या शनिवारी आभाळ निळंशार होतं. पहिल्या फेरीआधीच शेतकरी आणि बाई शिलाई यंत्रापाशी आले. दोघांनी मिळून एक अहवाल लिहून आणला होता. त्यासाठी आठवडाभर फोन चालले होते असं बाईंच्या नवऱ्याकडून नंतर कळलं.

"उडी घेणाऱ्याचं वय: ७२," शेतकऱ्याने वाचायला सुरुवात केली. "आधीच्या उड्या: एक. खंड: साडेबावन्न वर्षं. त्या पहिल्या उडीत पॅराशूट वेळेआधी ओढलं, डोकं विमानाच्या शेपटीला आपटलं, कापड फाटलं. घटना: साडेबारा हजार फुटांवरून दुसरी उडी. प्रशिक्षकाला बांधून घेऊन नव्हे, स्वतःच्या पाठीवर स्वतःचं पॅराशूट घेऊन. निकाल द्या."

म्हाताऱ्याने हातातली सुई खाली ठेवली. चाळीस वर्षांच्या धंद्यात न ऐकलेलं काहीतरी ऐकल्यासारखा तो लाल झाला. "पहिल्याच उडीत विमानाला धडकलेला, मग पन्नास वर्षं जमिनीवर बसलेला माणूस! त्याला पॅराशूट दिलं कुणी? असल्या माणसाला मी माझ्या विमानाच्या पायरीवर उभा करणार नाही. आहे तरी कोण हा दीडशहाणा?"

बाईंनी हात पुढे केला. "बिअर."

हँगर हसण्याने दणाणला. म्हाताऱ्याला कळायला क्षणभर लागला.

"थोरले जॉर्ज बुश," शेतकरी म्हणाला. "पहिली उडी सप्टेंबर १९४४, पॅसिफिकवर, जपान्यांनी विमान पेटवल्यावर. दुसरी २५ मार्च १९९७, ॲरिझोनात युमाला. लष्कराच्या गोल्डन नाइट्सचे प्रशिक्षक धरून होते त्यांना."

"धरून होते?" म्हातारा उसळला. "प्रशिक्षक धरून होते हे तुम्ही सांगितलंच नाही!"

"तुम्ही विचारलंत कुठे?" दोघं एकदमच म्हणाले.

म्हाताऱ्याने निमूटपणे पाकीट काढलं. बिअर कुठली आणायची यावरून हँगरमध्ये पुन्हा दोन तट पडले, तेवढ्यात विमानाच्या पहिल्या फेरीचा पुकारा झाला.