वाकळ कुणाच्या नावाची?

गेल्या आठ महिन्यांत मी एकही कविता लिहिली नाही. तेवढ्याच काळात आमच्या घरातून एकोणीस वाकळा विकल्या गेल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे शोधताना जे हाताला लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. पटलं नाही तर भांडा. गप्प बसू नका.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. आमच्या बुधवार पेठेत त्याला अजून 'गिरणी'च म्हणतात. खऱ्या गिरण्या, म्हणजे जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, कधीच्याच बंद पडल्या. भोंगा गेला, पण 'गिरणीवाला' हा शब्द राहिला. माझा आजा गिरणीत होता म्हणून मीही गिरणीवालाच. पाळी बारा तासांची. शाळा दहावीपर्यंत. पुढचं शिक्षण वाचनालयात आणि जयंतीच्या पुस्तकांच्या स्टॉलवर झालं.

कारखान्यातून चादरीचे तुकडे, कडा, डागी माल किलोवर विकत मिळतो. ते आत थराला घालून, वर जुनं लुगडं लावून आई आणि बहीण वाकळ शिवतात. टॉवेलचा तुकडा आत चालत नाही, त्याच्या आकड्यांत सुई अडकते. हे मला माहीत नव्हतं. मी रोज टॉवेल विणतो, पण टॉवेलात सुई अडकते हे आईला माहीत. एका वाकळेला पंधरा दिवस लागतात. आधी नात्यागोत्यात, मग जयंतीच्या स्टॉलवर, मग मोबाईलवर फोटो पाठवून विक्री सुरू झाली. नऊशे रुपयांना एक. धंदा म्हणायचा तर हा एवढाच.

मग पुण्याच्या एका दुकानाचा फोन आला. चाळीस वाकळा पाहिजेत. हाताने केलेल्या वस्तूंना शहरात मागणी आहे. नऊशेचा माल ते चार हजारांना विकणार. तेही चालेल म्हटलं. मग बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "कुठल्या समाजाच्या बायका करतात हे?" मी सांगितलं. थोडा वेळ फोन शांत. मग म्हणाल्या, चिठ्ठीवर ते नको, 'गावाकडच्या आज्यांच्या हातची ऊब' एवढंच छापू. आणि तुम्ही कवी आहात ना, मग दुःखाची एखादी छोटी कविता द्या, सोबत बांधू. लोकांना गोष्ट आवडते.

म्हणजे आमचा हात चालतो. आमचं दुःख चालतं. नाव चालत नाही.

हा किस्सा मी अभ्यासवर्गात सांगितला. एक मित्र म्हणाला, "धंद्याच्या नादी लागलास तिथंच कवी मेला. विकणारा माणूस विद्रोह करू शकत नाही." दुसरा म्हणाला, "मूर्खा, चाळीसच्या चारशे कर. आपल्या माणसांनी मालक व्हायला पाहिजे." दोघांचं मी ऐकलं. दोघांतही अर्धं खरं होतं आणि उरलेलं अर्धं पोकळ होतं.

आधी हाताचं बोलू. आज 'हाताने केलेलं' या शब्दाला बाजारात भाव आला आहे. पण या देशात हाताचा इतिहास काय आहे? आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नव्हते, आणि तिथंच पगार जास्त. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. त्या धोट्याला महाराचं तोंड लागलं तर सवर्ण कामगार बाटणार. एकाच मालकाकडं पिळून निघणारे दोघे, पण एक दुसऱ्याच्या थुंकीला भीत होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त लिहिलं. गिरणीत ते आधीच रोज दिसत होतं.

आणि सगळ्याच हाताला भाव आलाय असंही नाही. आमच्या गल्लीत, पूर्व भागात बायका विड्या वळतात. पान कातरायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा. हजारावर मजुरी. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विडीचे पैसे नाहीत. सगळं काम हाताचं. त्या विडीला कुणी 'हस्तकला' म्हणतं का? कुणी चिठ्ठीवर 'आजीच्या हातची ऊब' लिहितं का? तेव्हा हाताचं म्हणून कुठलंच काम पवित्र होत नाही. भाव हाताला नसतो, विकत घेणाऱ्याच्या मनातल्या चित्राला असतो.

बाबासाहेबांना हातकामाचं हे कौतुक कधीच पटलं नाही. गांधींचा चरखा आणि बापजाद्यांचा धंदा यांची त्यांनी झाडाझडती घेतली. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात त्यांचा मुद्दा असा आहे की माणसाला फुरसत पाहिजे, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्राशिवाय सगळ्यांना फुरसत मिळणार नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मी तर दिवसभर यंत्रासमोरच उभा असतो! माझी फुरसत कुठं गेली? यंत्र आहे, पण ते आपलं नाही. म्हणून त्याने वाचवलेला वेळही आपला नाही. तो वेळ मालकाच्या खात्यात जमा होतो. मी बारा तास देऊन घरी येतो आणि उरलेले दोन तास सुईला देतो. मग कविता कधी लिहायची? झोपेत?

म्हणून प्रश्न नीट मांडू या. हाताचा धंदा करून जगणारा माणूस स्वतःचं काही निर्माण करू शकतो का? की विकता विकता त्याचं सगळंच विकाऊ होतं?

आपल्यापुढे दोन माणसं आहेत. पहिला चोखामेळा. आपल्याच जिल्ह्यातला, मंगळवेढ्याचा. परंपरा सांगते की गावाच्या तटाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गाडला गेला. साल १३३८. एवढा मोठा कवी, पण त्याचे हात गावाच्या मालकीचे. ते काम त्याने निवडलेलं नव्हतं. त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. ज्या देवळात त्याला शिरता आलं नाही त्या पंढरपूरच्या देवळासमोर त्याची समाधी आहे. आपल्यातले पुष्कळ जण चोखोबावर चिडतात की त्याने बंड केलं नाही. पण १९४८ साली 'अस्पृश्य' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण करताना बाबासाहेब चिडलेले दिसत नाहीत.

दुसरा कबीर. बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी एक. काशीचा विणकर. तोही हातानेच पोट भरत होता. पण माग त्याच्या घरात होता. किती विणायचं आणि कधी उठायचं हे त्याच्या हातात होतं. म्हणून पंडिताला आणि मुल्लाला तोंडावर सुनावताना त्याला कुणाच्या दाण्याची भीती नव्हती. गरीब दोघेही होते. कष्ट दोघांनीही केले. फरक एवढाच की एकाचा हात दुसऱ्याच्या हुकमात होता आणि एकाचा स्वतःच्या.

हाच मुद्दा १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी वेगळ्या शब्दांत सांगितला. मेलेली ढोरं ओढणं सोडलं तर कातडं, शिंगं, हाडं यांचं उत्पन्न बुडेल, असा हिशेब कुणीतरी 'केसरी'त मांडला होता. बाबासाहेबांनी त्या हिशेबाची खिल्ली उडवली. पैशापेक्षा इज्जत मोठी म्हणून. आपल्या बापजाद्यांनी ते ऐकलं आणि मिळणारा पैसा सोडला. या समाजाला धंदा कळत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. कुठला धंदा सोडायचा हे कळणं हीच धंद्याची पहिली अक्कल.

पण इज्जत म्हणजे कंगाल राहणं नव्हे. पैशाला नाक मुरडणाऱ्या मित्राने आपल्याच पत्रांचा इतिहास वाचावा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने छापली नाही. १९२७ चा 'बहिष्कृत भारत' बाबासाहेब जवळजवळ एकट्याने लिहीत होते, आणि तो १९२९ मध्ये बंद पडला तो पैशावाचूनच. विचार कमी पडला नव्हता. आपला हा अंकही हाताचाच धंदा आहे. स्टेन्सिल कापा, शाई लावा, रूळ फिरवा, पानं जुळवा, पिना मारा. कागदाचे पैसे कोण देतं? मागच्या अंकाचा कागद दोन वाकळांच्या पैशातून आला. मला त्याची लाज वाटत नाही.

इथवर माझं तर्कशास्त्र मला फार आवडलं होतं. मी पुण्याच्या बाईंना फोन करून ठणकावलं, चिठ्ठीवर नाव असेल तरच माल मिळेल, नाव लपवून आमचा हात विकणार नाही. त्यांनी चाळीसची ऑर्डर रद्द केली. अभ्यासवर्गात टाळ्या पडल्या. मी लगेच आमची स्वतःची चिठ्ठी छापून आणली. निळ्या शाईत. वर माझं नाव, पुढं 'कवी आणि गिरणी कामगार, सोलापूर'.

आईला वाचता येत नाही. तिने चिठ्ठी बहिणीकडून वाचून घेतली. मग सुई टोचता टोचताच म्हणाली, "तुझी कविता तू तुझ्या नावानं छापतूस. माझी वाकळ बी तुझ्याच नावानं व्हय रं?"

मित्रहो, मला उत्तर आलं नाही. एकोणीस वाकळांत माझा एक टाका नाही. मी तुकडे वाहून आणले, फोटो काढले, पैसे मोजले. म्हणजे मी मुकादम. पुण्याच्या बाईंनी आईचं नाव पुसायचं ठरवलं तेव्हा माझं रक्त तापलं, आणि मी स्वतः ते पुसलं तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. गिरणीने माझ्याशी जे केलं ते मी घरात दोन बायकांशी केलं, आणि वर त्यावर निळी शाई फासली. चळवळीत भाषण देणाऱ्या आपण पोरांनी घरी जाऊन एकदा विचारावं, की आपल्या फुरसतीचं बिल कोण भरतं? मला कवितेला वेळ मिळत नाही म्हणून मी आठ महिने कुढत होतो. आईला आयुष्यभर कशाला वेळ मिळाला नाही, हे मी कधी विचारलंच नाही.

बहिणीने आणखी एक गोष्ट दाखवली. पत्र्याच्या पेटीत तळाला एक वाकळ आहे. आईच्या लग्नातल्या निळ्या लुगड्याची. तिचे टाके सरळ रेघेत जात नाहीत, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे गोल गोल मधून बाहेर येतात. गिऱ्हाइकाला असं आवडत नाही, सरळ पाहिजे असतं. ही वाकळ आई सहा वर्षं शिवत्येय. कधी महिन्याला वीतभर, कधी काहीच नाही. मी म्हणालो, हिला तर पाच हजार येतील. आई म्हणाली, "ती इकायची न्हाई. ती माझी हाय."

माझ्या सगळ्या वाचनाचं उत्तर त्या पेटीत घडी घालून ठेवलेलं होतं. आई एकोणीस वाकळा विकायला शिवते आणि एक विकायची नाही म्हणून शिवते. विकायच्या वाकळेत ती लबाडी करत नाही, टाका ढिला सोडत नाही. आणि न विकायच्या वाकळेत ती गिऱ्हाइकाला घुसू देत नाही. दोन्हीची सुई एकच. धंद्याने तिची कला मारली नाही, कारण कुठं थांबायचं हे तिने कुणाला न विचारता ठरवलेलं आहे.

तेव्हा मी आता असं मानतो. हाताचा धंदा वाईट नाही आणि पवित्रही नाही. त्याला तीन प्रश्न विचारायचे. हे काम मी निवडलं की जातीने माझ्या गळ्यात बांधलं? त्यावर ज्याचा हात त्याचं नाव आहे का? आणि मला 'आज नाही' म्हणता येतं का? तिन्हींचं उत्तर हो आलं तर खुशाल विका, चांगला भाव घ्या, घासाघीस करा. एकाचंही उत्तर नाही आलं, तर मग ते काम कितीही सुंदर असो, ती वेठच.

आता आमच्या घरात चिठ्ठीवर दोन नावं आहेत, आईचं आणि बहिणीचं. वहीत पैशाचे तीन वाटे होतात आणि माझा सगळ्यात लहान आहे. महिन्याला दोनच वाकळा. रविवारी विकायची सुई बंद. गाडा हळू चालतो, ऑर्डरी परत जातात. बारा तासांच्या पाळीचा प्रश्न यातून सुटलेला नाही, तो घरात बसून सुटणारही नाही. त्यासाठी संघटनाच पाहिजे. पण रविवारी संध्याकाळी आई पेटी उघडते आणि मी वही उघडतो. ती बोलत नाही, मीही बोलत नाही.

संपादकांनी या अंकासाठी कविता मागितली होती. ती अजून झालेली नाही. तोवर हे घ्या.

जय भीम.